शिट्टी माझी, प्रश्न तुमचे : कॉलर, लाथ आणि तारल्या

मागच्या अंकात लाल कार्डावरच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेलो होतो, 'लाल कार्ड बघून कँटोनासुद्धा मुकाट्याने बाहेर चालायला लागला होता, पुढे पाच-पन्नास पावलांवर काय झालं ती गोष्ट वेगळी.' झालं! ती वेगळी गोष्ट सांगा म्हणून पत्रांवर पत्रं. त्यामुळे या महिन्यात ऑफसाईड, हँडबॉल सगळं बाजूला. ज्यांनी थ्रो-इनच्या वेळी पाय उचलण्याबद्दल विचारलंय त्यांनी महिनाभर पाय जमिनीवर ठेवावेत.

नव्या वाचकांसाठी एक सांगून ठेवतो. मी शाळेत पीटीचा मास्तर होतो आणि बावीस वर्षं कोल्हापुरात फुटबॉलचा पंच म्हणून शिट्टी फुंकली. आमच्याकडे तालीम म्हणजे फुटबॉलचा संघसुद्धा. खेळाडूकडे मी पंचाच्या जागेवरूनच बघतो. ती खोड आता जायची नाही, तेवढं धरून वाचा.

प्रश्न : माझा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. तालमीच्या लहान गटात खेळतो. पायात कला आहे असं सगळे म्हणतात. पण या हंगामात दोनदा लाल कार्ड घेऊन घरी आला. रागावलं की म्हणतो, 'कँटोना पण असाच होता, तापट माणसंच मोठी होतात.' हा कँटोना कोण? आणि त्याच्या आईवडिलांनी त्याचं काय केलं?
– एक आई, मंगळवार पेठ, कोल्हापूर

ताई, आधी नावाचं सांगतो. फ्रेंच माणूस 'काँतोना' म्हणेल. आपण ते नाव इंग्लंडच्या समालोचकांच्या तोंडून ऐकलं म्हणून आपला तो कँटोना. एरिक कँटोना, फ्रान्सचा फुटबॉलपटू, जन्म २४ मे १९६६, फ्रान्सच्या दक्षिणेला मार्सेय या बंदराच्या शहरात.

वडिलांकडचं घराणं मूळचं सार्डिनिया बेटावरचं. आजोबा गवंडी. शहराच्या कडेला ले कायोल नावाची वस्ती आहे, तिथल्या टेकडीवर आजीने एक जागा हेरली. जागा कसली, डोंगरातली गुहाच. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिक तिथून टेहळणी करायचे. लढाई संपली, जागा ओस पडली, आणि आजोबांनी त्या गुहेला धरून एकेक खोली वाढवत घर उभं केलं. त्या घरात एरिक वाढला. आईचे वडील स्पेनमधल्या कॅटलोनियाचे. यादवी युद्धात फ्रँकोच्या विरुद्ध लढले, जखमी झाले आणि देश सोडून फ्रान्सला आले. दोन्हीकडून असं हे बिनवतनी रक्त.

वडील आल्बेर मनोरुग्णालयात परिचारक होते. फावल्या वेळात चित्रं काढायचे, आणि गावच्या संघात गोलकीपर म्हणून उभे राहायचे. बिथरलेल्या माणसाला शांत करणं हीच ज्याची नोकरी, त्याच्याच घरात हे पोर निपजलं याचं मला नेहमी हसू येतं. आई शिवणकाम करायची. तीन भाऊ, एरिक मधला. घरात पैसा बेताचा, पण माया भरपूर. तेव्हा लहानपणी हाल झाले, मार खाल्ला, म्हणून आत राग साचला, ही सिनेमातली गोष्ट इथे लागू पडत नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण मुलाने कार्ड घेतलं की आया पहिल्यांदा स्वतःलाच दोष देतात.

वडिलांसारखा तोही आधी गोलमध्येच उभा राहायचा. मग पुढे सरकला. वस्तीतल्याच क्लबात खेळला. फ्रान्सचा मोठा मिडफिल्डर जाँ तिगानाही तिथलाच. चौदा-पंधराच्या वयात त्याला दोन मोठ्या क्लबांनी बघायला बोलावलं. एक नीस, घरापासून जवळ. दुसरा ओसेर, दूर वर उत्तरेला, थंडीचं लहानसं गाव. तो स्वतः सांगतो ते असं : नीसमध्ये त्याने आठवण म्हणून जर्सी मागितली, तर ती विकत घे म्हणाले. ओसेरचे प्रशिक्षक गी रू यांनी निघताना न मागता हातात जर्सी आणि क्लबचे झेंडे कोंबले. पोरगा ओसेरला गेला. पंधराव्या वर्षी, घर सोडून, सहाशे किलोमीटरवर. तुम्ही विचारलंत आईवडिलांनी काय केलं. हे केलं. जाऊ दिलं.

गी रू म्हणजे जुन्या वळणाचा मास्तर. शिस्तीला कडक, पैशाला चिकट, पण पोरं घडवण्यात हात धरणारा कुणी नाही. त्यांनी एरिकला १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये, सतराव्या वर्षी, पहिल्या संघात उतरवलं. मग सैन्यातली सक्तीची नोकरी, मग मार्तिगच्या लहान क्लबात काही महिने, मग परत ओसेर. गोल होऊ लागले. आणि बाकीचंही होऊ लागलं. १९८७ मध्ये त्याने आपल्याच संघाच्या गोलकीपरला, ब्रुनो मार्तिनीला, ठोसा मारला. दंड. १९८८ मध्ये नाँतच्या देर झाकारियानच्या अंगावर असा काही पाय घातला की तीन महिन्यांची बंदी आली. पुढे ती दोन महिन्यांवर आली, कारण राष्ट्रीय संघाला तो हवा होता. हे 'कारण' लक्षात ठेवा ताई, पुढे सगळीकडे हेच दिसेल. त्याच्यासाठी दार दर वेळी कुणीतरी अर्धं उघडं ठेवलं.

आता मुलाच्या वाक्याकडे येतो. बावीस वर्षांत मी तापट पोरं शेकड्याने पाहिली. त्यातली बरीच मला आता रंकाळ्यावर संध्याकाळी फिरताना भेटतात. पोट सुटलेलं असतं, वाकून नमस्कार करतात आणि म्हणतात, 'सर, त्या वर्षी तुम्ही कार्ड काढलं नसतंत तर...' मी म्हणतो, चहा घेणार का?

कँटोना मोठा कशाने झाला याची एक गोष्ट फर्ग्युसन, म्हणजे मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश क्लबाचे तेव्हाचे प्रशिक्षक, सांगतात. तिथे आल्यावर पहिल्याच दिवशी सराव संपला, सगळे आंघोळीला निघाले, आणि हा प्रशिक्षकाकडे येऊन म्हणाला, मला दोन खेळाडू हवेत. कशाला? सरावाला. म्हणजे सराव संपल्यावर सराव. चार दिवसांत बाकीचेही मागे थांबू लागले. बेकहॅम, स्कोल्स, नेव्हिल तेव्हा कोवळी पोरं होती, ती हे बघत मोठी झाली. तुमच्या चिरंजीवांना एवढंच विचारा, तालमीचा सराव सुटल्यावर तू किती वेळ थांबतोस? उत्तर मला कळवा. कार्डाचं मग बघू.

प्रश्न : कँटोनाने म्हणे पंचालाच चेंडू फेकून मारला होता आणि शिक्षा सुनावणाऱ्यांना शिव्या दिल्या होत्या. हे खरं का? तुम्ही त्या पंचाच्या जागी असता तर काय केलं असतं?
– एक क्रीडाशिक्षक, बार्शी

खरं आहे. पण तिथपर्यंत तो कसा पोचला ते आधी सांगतो, नाहीतर नुसती गंमत वाटेल.

१९८८ मध्ये मार्सेयने त्याला २.२ कोटी फ्रँक देऊन घेतलं. त्या वेळी फ्रान्समधला तो विक्रम होता. आपल्या गावचा क्लब, आपल्या गावचं मैदान, बावीस वर्षांचा पोरगा. आणखी काय हवं? पण त्याच ऑगस्टमध्ये राष्ट्रीय संघातून वगळलं म्हणून प्रशिक्षक आँरी मिशेल यांना त्याने टीव्हीवर, कॅमेऱ्यासमोर, जी शिवी घातली तिचं सौम्य मराठी 'घाणीचं पोतं' असं होईल. राष्ट्रीय संघाचं दार बंद. पुढच्या जानेवारीत आर्मेनियाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदतीचा सामना होता. त्यातून बाहेर काढल्यावर त्याने चेंडू प्रेक्षकांत मारला आणि अंगातली जर्सी फाडून फेकली. मार्सेयने आधी घरी बसवलं, मग बोर्दोला उधार दिलं, मग माँपेलिएला. तिथे ड्रेसिंग रूममध्ये सहकाऱ्याच्या, जाँ-क्लोद लमूच्या, तोंडावर बूट फेकले. सहा खेळाडू म्हणाले, याला हाकला. संघातलेच लोराँ ब्लाँ आणि वाल्देरामा मधे पडले म्हणून राहिला. आणि राहिला म्हणून १९९० मध्ये माँपेलिएने फ्रेंच चषक जिंकला! या माणसाची हीच पंचाईत आहे. त्याच्यावर सरळ रागावताच येत नाही.

मग परत मार्सेय, तिथे प्रशिक्षक बदलले, सूत जमेना, मग नीम नावाच्या गावचा क्लब. डिसेंबर १९९१. सेंट एतिएनविरुद्धचा सामना. निर्णय पटला नाही, चेंडू उचलला आणि पंचाच्या अंगावर फेकला. लाल कार्डाची वाटही न बघता चालू लागला. शिस्त समितीने महिन्याची बंदी दिली. हा पठ्ठ्या समितीच्या एकेका सभासदासमोर गेला आणि प्रत्येकाला तोंडावर 'मूर्ख' म्हणाला. महिन्याचे दोन महिने झाले. त्याने जाहीर केलं, मी फुटबॉल सोडला. वय वर्षं पंचवीस.

आता माझं. माझ्यावरही असाच चेंडू आला होता. शाहू स्टेडियमवर उपांत्य फेरी, तालमींची नावं सांगणार नाही, दोन्हीकडचे लोक हे सदर वाचतात. शेवटच्या दहा मिनिटांत एक गोल मी ऑफसाईड म्हणून नाकारला. गोल करणारा पोरगा शांतपणे जाळीतला चेंडू घेऊन आला, मला वाटलं फ्री किकला ठेवतोय, आणि पाच फुटांवरून माझ्या कानशिलात मारला. कान सुन्न. पण खरं लागलं ते कानाला नव्हे. चेंडू लागल्यावर सगळी गॅलरी हसली, ते लागलं. पाच-सहा हजार माणसं एकदम हसतात तेव्हा पंचाला आपली काळी विजार आठवते, शिट्टी आठवते, आणि आपण इथे कशाला आलो असं वाटतं.

मी लाल कार्ड दिलं, अहवाल लिहिला. रात्री त्याच्या तालमीची चार वडीलधारी माणसं घरी आली. पोरगं गरीब आहे, नोकरीचा प्रश्न आहे, तेवढा अहवाल मऊ करा. बायकोने चहा केला. मी अहवाल मऊ केला नाही. दोन दिवसांनी कुणीतरी मोबाईलवर काढलेलं चित्रण दाखवलं. गोल बरोबर होता. ऑफसाईड नव्हता.

तरी कार्ड बरोबरच होतं. पंच चुकला म्हणून त्याला मारायची सोय नियमांत नाही. चेंडू असो की बाटली, पंचावर फेकली की सरळ लाल. नीमच्या त्या पंचाच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. पण समितीच्या जागी असतो तर? खोटं कशाला बोलू, मलाही कदाचित मूर्ख म्हणवून घ्यावं लागलं असतं, आणि मीही महिन्याचे दोन महिने केले असते. रागावर राग. तिथे आपली सगळ्यांची जात एकच.

त्याला फुटबॉलमध्ये परत आणायला पुन्हा एका माणसाने दार किलकिलं ठेवलं. तेव्हाचा फ्रान्सचा प्रशिक्षक मिशेल प्लातिनी. त्याने आणि त्याचा सहायक झेरार ऊलिएने कँटोनाला समुद्रापलीकडे, इंग्लंडला जायला सुचवलं. त्याच्या मनोविश्लेषकाचंही तेच मत पडलं. तिथल्या शेफिल्ड वेन्सडे क्लबाने आठवडाभर चाचणी घेतली, मैदान गोठलेलं म्हणून आणखी आठवडा थांब म्हणाले. फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाच्या खेळाडूची चाचणी! तो उठला आणि लीड्सच्या क्लबात गेला. फेब्रुवारीत आला आणि मे १९९२ मध्ये लीड्स इंग्लंडचा विजेता झाला. त्याने १५ सामन्यांत ३च गोल केले, पण गॅलरीने त्याला डोक्यावर घेतलं ते घेतलंच.

प्रश्न : त्या प्रसिद्ध लाथेची खरी हकीकत काय? मी मोबाईलवर दहा सेकंदांची क्लिप पाहिली आहे, आधीचं आणि नंतरचं काही कळत नाही.
– एक कॉलेजकुमार, पुणे

भावा, दहा सेकंदांत काहीच कळत नाही, हे तुला कळलं हेच खूप झालं.

आधी युनायटेडमध्ये तो गेला कसा तेच बघ. नोव्हेंबर १९९२. लीड्सच्या माणसाने युनायटेडला फोन केला, तुमचा डेनिस अर्विन विकता का? नाही म्हणाले. फर्ग्युसन तिथेच बसलेले, त्यांनी खुणावलं, कँटोनाचं विचारा. आणि लीड्सवाले तयार झाले. १२ लाख पौंड. आपल्याकडे म्हैस बघायला जावं आणि बैल घेऊन यावं तसा प्रकार. युनायटेड तेव्हा रडत-खडत खेळत होता. १९६७ पासून लीग जिंकली नव्हती. मे १९९३ मध्ये जिंकली. पुढच्या वर्षी लीग आणि एफए कप, म्हणजे इंग्लंडचा बाद पद्धतीचा चषक, दोन्ही. कपाच्या अंतिम सामन्यात चेल्सीविरुद्ध दोन पेनल्टी, दोन्ही याच्या. त्याच वर्षी मार्चमध्ये मात्र लागोपाठच्या दोन सामन्यांत दोन लाल कार्डं. मोठा झाला म्हणून राग गेला नव्हता.

आता ती रात्र. २५ जानेवारी १९९५, बुधवार. दक्षिण लंडनमधलं सेलहर्स्ट पार्क, क्रिस्टल पॅलेसचं मैदान. त्यांचा बचावपटू रिचर्ड शॉ याला कामच दिलेलं की कँटोनाला मोकळं सोडायचं नाही. पहिल्या अर्ध्यात धर, ओढ, टाच लाव असं चाललेलं. पंच ॲलन विल्की यांनी पुढे सांगितलं की मध्यंतरानंतर मैदानात येताना कँटोनाने त्यांना विचारलं होतं, पिवळी कार्डं नाहीत वाटतं आज? मी हा प्रसंग वाचला तेव्हा पुस्तक मिटून बसलो. हा प्रश्न मला किमान पन्नास खेळाडूंनी विचारलाय. तो प्रश्न नसतो, इशारा असतो. शहाणा पंच त्या क्षणी जाऊन शॉच्या कानाशी दोन शब्द बोलतो. मी दर वेळी शहाणा होतो असं नाही.

मध्यंतर संपून चार-पाच मिनिटं झाली असतील. शॉने पुन्हा धरलं, कँटोनाने लाथ झाडली, सहायक पंचाने पाहिलं, लाल कार्ड. इथपर्यंत रोजचंच. कँटोनाने कॉलर खाली केली आणि कडेने चालू लागला, सोबत संघाच्या कपड्यांचं बघणारा नॉर्मन डेव्हिस. तेवढ्यात पॅलेसचा एक वीस वर्षांचा प्रेक्षक अकरा रांगा उतरून कठड्यापाशी आला आणि ओरडू लागला. नेमकं काय ओरडला यावर दोन गोष्टी सांगितल्या जातात. त्या प्रेक्षकाच्या म्हणण्याप्रमाणे नुसतं 'जा आता आंघोळीला', म्हणजे मैदानाबाहेर. इतरांच्या म्हणण्याप्रमाणे कँटोनाच्या देशावरून आणि आईवरून शिव्या. कँटोना डेव्हिसचा हात सोडवून वळला आणि दोन्ही पाय उचलून कठड्यावरून छातीवर लाथ. खाली पडला, उठला, वर ठोसे. क्लिप तिथे संपते.

त्यानंतरचं असं : क्लबने हंगामभर बसवलं. फुटबॉल संघटनेने ती बंदी ३० सप्टेंबरपर्यंत वाढवली, वर दहा हजार पौंड दंड. क्रॉयडनच्या न्यायालयाने दोन आठवडे तुरुंग सुनावला. अपिलात त्याचे १२० तास समाजसेवा झाले. ते तास त्याने युनायटेडच्या सरावाच्या मैदानावर लहान मुलांना फुटबॉल शिकवण्यात घालवले. काही मुलांना आयुष्यभर पुरेल अशी शिक्षा! इकडे युनायटेडची लीग एका गुणाने गेली, ब्लॅकबर्न ८९, युनायटेड ८८. कपाचा अंतिम सामनाही एव्हर्टनकडून हरले. दहा सेकंदांची किंमत तूच मांड. आणि तो प्रेक्षक? वर्षभराने त्याच्यावर धमकीच्या भाषेबद्दल गुन्हा सिद्ध झाला, आणि निकाल ऐकून तो तिथल्या तिथे सरकारी वकिलाच्या अंगावर धावून गेला. सात दिवस आत. म्हणजे त्या रात्री कठड्याच्या दोन्ही बाजूंना एकाच कुळातले गडी होते, फरक इतकाच की एकाला फुटबॉल येत होता.

ऑगस्टमध्ये कँटोना कंटाळून फ्रान्सला निघून गेला. फर्ग्युसन त्याच्यामागे पॅरिसला गेले. पत्रकारांना चुकवायला मोटारसायकलवर मागे बसून एका खानावळीत पोचले आणि जेवता जेवता त्याला परत वळवलं. इंग्लंडमधला सगळ्यात कडक प्रशिक्षक, ज्याच्या रागाला पोरं चळाचळा कापायची, तो एका रुसलेल्या खेळाडूसाठी हेल्मेट घालून मागच्या सीटवर. हे चित्र मला त्या लाथेपेक्षा जास्त आवडतं. १ ऑक्टोबरला तो लिव्हरपूलविरुद्ध परतला, एक गोल करवून दिला, एक पेनल्टीवर केला. त्या हंगामात न्यूकॅसल बारा गुणांनी पुढे होतं. मार्चमध्ये त्यांच्याच मैदानावर त्यांना १-० हरवलं, गोल याचा. लीग आली. कपाच्या अंतिम सामन्यात लिव्हरपूलविरुद्ध चार-पाच मिनिटं उरलेली असताना गर्दीतून मारलेला एकमेव गोल, तोही याचा, आणि हातात पट्टा कप्तानाचा.

प्रश्न : कँटोनाचं ते ट्रॉलर आणि पाखरांचं वाक्य माझ्या मुलाने मला वाचून दाखवलं. मी तीस वर्षं समुद्रावर आहे. कुरव बोटीमागे येतात हे बरोबर. पण ट्रॉलरवाला तारली कशाला टाकील? तारली तर पर्ससीनच्या जाळ्याला लागते. आम्ही टाकतो ती बारीक, न खपणारी मासळी. या माणसाला मासेमारीतलं काय कळतं?
– एक मच्छीमार, मिरकरवाडा, रत्नागिरी

काका, इंग्लंडचे विद्वान तीस वर्षं या वाक्याचा अर्थ लावताहेत, पण हा आक्षेप माझ्या तरी वाचनात आला नव्हता. मानलं तुम्हाला.

बाकीच्यांसाठी सांगतो. ३१ मार्च १९९५, तुरुंगाची शिक्षा रद्द झाली तो दिवस. खोली पत्रकारांनी भरलेली. कँटोना आला, बसला आणि थांबत थांबत, मधेच पाण्याचा घोट घेत, एवढंच म्हणाला : कुरव ट्रॉलरच्या मागे जातात, कारण त्यांना वाटतं की समुद्रात तारल्या टाकल्या जातील. उठला आणि गेला. खोलीत आधी शांतता, मग हशा. 'ट्रॉलर'सारखे इंग्रजी शब्द त्याने तिथे जाण्याआधी बरोबरच्या माणसांना विचारून घेतले होते, असं सांगतात. बिचारा परकी भाषेत बोलत होता, त्यामुळे मासळीत थोडं इकडचं तिकडे झालं असेल. शिवाय मार्सेयचा माणूस, त्याच्या बंदरात तारल्यांचं कौतुक आपल्याकडच्या बांगड्यासारखं.

सरळ अर्थ लावला तर ट्रॉलर तो, कुरव पत्रकार आणि तारली म्हणजे बातमी. मला त्यातला 'वाटतं' हा शब्द आवडतो. टाकतील असं वाटतं. टाकतीलच असं नाही. तुमच्या दुरुस्तीने तर वाक्य आणखी नेमकं होतं काका. पाखरं तारलीच्या आशेने येतात आणि मिळते ती न खपणारी बारीक मासळी. पत्रकारांना त्या दिवशी अगदी तेच मिळालं.

प्रश्न : एवढा मोठा खेळाडू, मग १९९८ च्या जगज्जेत्या फ्रेंच संघात का नव्हता?
– एक वाचक, म्हापसा, गोवा

कारण तोवर त्याने बूट ठेवले होते. पण खरं कारण आधीचं आहे. फ्रान्ससाठी तो ४५ सामने खेळला, २० गोल केले आणि विश्वचषकात एकदाही उतरला नाही. १९९० ला संघच पात्र ठरला नाही. १९९४ ला पात्रतेचा शेवटचा सामना पॅरिसमध्ये बल्गेरियाशी, नुसती बरोबरी पुरत होती. कँटोनाने गोल करून पुढे नेलं, बल्गेरियाने फेडला, आणि अगदी शेवटच्या मिनिटाला कोस्तादिनोव्हने दुसरा घातला. १७ नोव्हेंबर १९९३. फ्रान्समध्ये ती तारीख अजून दुखते.

नंतर फ्रान्सचे नवे प्रशिक्षक एमे झाके यांनी त्याला कप्तान केलं होतं. जानेवारी १९९५ मध्ये हॉलंडविरुद्ध तो फ्रान्ससाठी शेवटचा खेळला, आणि बरोब्बर आठवड्याने सेलहर्स्ट पार्क. बंदीच्या त्या महिन्यांत झाके यांनी संघाची मांडणी झिदानभोवती केली. बंदी संपली तेव्हा संघात त्याची जागा उरली नव्हती. लाथेची सगळ्यात मोठी शिक्षा हीच, आणि ती कुठल्याही समितीने दिली नाही.

आणखी काही, थोडक्यात

नागपूरच्या वाचकाला : युनायटेडसाठी १८५ सामने, ८२ गोल. साडेचार वर्षांत चार वेळा लीग. आकड्यांत त्याच्याहून मोठे खूप आहेत, त्याने काय बदललं ते आकड्यांत येत नाही.

इचलकरंजीच्या वाचकाला : नाही, दुखापत नव्हती. मे १९९७ मध्ये लीग जिंकून दोन आठवड्यांच्या आत त्याने खेळ सोडला, तिशीत. नंतर अभिनय केला, आणि २००५ मध्ये वाळूवरच्या फुटबॉलच्या विश्वचषकात फ्रान्सचा खेळाडू-प्रशिक्षक म्हणून विजेता झाला. म्हणजे विश्वचषक मिळालाच, फक्त अनवाणी.

सांगलीच्या वाचकाला : प्रशिक्षकाने तापट खेळाडूला वेगळी वागणूक द्यावी का? फर्ग्युसन देत होते. ज्या गोष्टीला दुसऱ्याची सालटी काढली असती तिला याच्या बाबतीत हसून सोडत. संघातले बाकीचे हे चालवून घेत, कारण शनिवारी तो सामना जिंकून द्यायचा. तुमच्या पोराने आधी शनिवारचं बघावं.

साताऱ्याच्या वाचकाला, कॉलर वर का करायचा : एका थंडीच्या दिवशी जर्सी घालताना ती तशीच उभी राहिली, सामना जिंकला, मग सवय झाली, असं त्याने स्वतः सांगितलंय. आमच्याकडे मात्र त्या फोटोनंतर तालमींतल्या निम्म्या पोरांच्या कॉलरी उभ्या राहिल्या. ज्यांच्या जर्सीला कॉलर नव्हती ती आतून कॉलरचा शर्ट घालून यायची. एका सामन्यात तर दोन्ही बाजूंचे दहा-बारा कँटोना माझ्यासमोर नाणेफेकीला उभे. मी म्हटलं, कॉलर वर चालेल, शर्ट आत खोचा.